एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा मिळते की लागते?

केळफूल
मंडळी, मी शिकले कॉमर्स, त्यामुळे हा प्रश्न माझ्या कुवतीबाहेरचा आहे. लेक यंदा अकरावी सायन्सला आहे आणि घरात सध्या हाच एक विषय चालू आहे. रसायनशास्त्राच्या सरांनी शिकवलं, की कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागते आणि नवा बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, याला अपवाद नाही. पुढच्याच तासाला जीवशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू, काढला, तीन फॉस्फेटं ओळीने, आणि शेवटच्या बंधावर बाण मारून सांगितलं, हा तुटला की ऊर्जा मिळते, पेशीचं सगळं काम यावर चालतं. लेकीने हात वर करून विचारलं तर म्हणाल्या, हा 'उच्च ऊर्जा बंध' असतो, वेगळा असतो. सरांना विचारलं तर ते म्हणाले, ते जीवशास्त्रवाल्यांनाच विचार.

खरं कोणाचं? आणि जाता जाता दुसरा प्रश्न. एका ग्लुकोजपासून एटीपी किती मिळतात? पाठ्यपुस्तकात ३८, क्लासच्या नोट्समध्ये ३६, मैत्रिणीचा भाऊ एमबीबीएसला आहे त्याच्या पुस्तकात ३० ते ३२. आमच्या ताळेबंदात एवढी तफावत निघाली असती तर ऑडिटरने घरी जाऊ दिलं नसतं.

निवडुंग
रसायनाच्या पेपरात सरांचं लिहायचं, जीवशास्त्राच्या पेपरात मॅडमचं. दोन्हीकडे पूर्ण मार्क. धागा बंद करा.

पाटीपेन्सिल
मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, तेव्हा त्या मॅडमची बाजू थोडी घेते. 'उच्च ऊर्जा बंध' हे त्यांनी मनाने रचलेलं नाही. फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये फॉस्फेटच्या त्या बंधासाठी साध्या रेघेऐवजी नागमोडी रेघ काढायला सुरुवात केली आणि ती सगळ्या पुस्तकांत शिरली. लिपमन काही ऐरेगैरे नव्हेत, १९५३ चं नोबेल त्यांना क्रेब्ज यांच्याबरोबर विभागून मिळालं. वर्गात ऐंशी मुलं, अभ्यासक्रम डोक्यावर, श्वसनाचा धडा चार तासांत उरकायचा. "शेवटचं फॉस्फेट सुटतं, ऊर्जा मिळते" इतकं मुलांच्या डोक्यात राहिलं तरी मी समाधानी असते.

आम्लराज
पाटीपेन्सिल, तुमची अडचण कळते. पण "वेगळा असतो" हे उत्तर चूकच आहे. मुलीने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. सर शंभर टक्के बरोबर आहेत, आणि मॅडमचं वाक्य अर्धं आहे.

नीट बघू. एटीपी नुसता तुटत नाही, त्याची पाण्याशी अभिक्रिया होते. एटीपीमधला शेवटचा फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तुटतो, पाण्यातला एक ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटतो. या दोन्हींना ऊर्जा लागते. मग पाण्याचा ऑक्सिजन फॉस्फरसला जोडला जातो, हायड्रोजन दुसरीकडे जातो, म्हणजे नवे बंध तयार होतात. तिथे ऊर्जा परत मिळते. शेवटी हाती काय राहिलं? एडीपी (म्हणजे दोनच फॉस्फेटं उरलेला रेणू) आणि सुटं फॉस्फेट. ही जोडी एटीपी आणि पाणी या जोडीपेक्षा जास्त स्थिर आहे. जेवढी जास्त स्थिर, तेवढी मुक्त ऊर्जा कामाला मिळाली. प्रमाण परिस्थितीत ती एका मोलला ३०.५ किलोज्यूल येते.

जास्त स्थिर का? एटीपीच्या तीन फॉस्फेटांवर मिळून चारच्या आसपास ऋणप्रभार असतात, सगळे एकमेकांच्या उरावर. एक फॉस्फेट बाहेर पडलं की ती रेटारेटी कमी होते. सुटलेल्या फॉस्फेटमध्ये प्रभार चारही ऑक्सिजनवर पसरू शकतो, साखळीत अडकलेलं असताना एवढी मोकळीक नसते. आणि एडीपी व फॉस्फेट या दोघांना पाण्याचे रेणू जास्त चांगले वेढतात. या तीन कारणांची बेरीज म्हणजे ती ऊर्जा. बंधाच्या आत काहीही भरून ठेवलेलं नाही. तो बंध तसा साधाच आहे, इतर फॉस्फेट बंधांपेक्षा फार निराळा नाही.

केळफूल, मुलीला एवढं सांगा: हिशोब एका बंधाचा करायचा नसतो, सुरुवातीच्या सगळ्या रेणूंचा आणि शेवटच्या सगळ्या रेणूंचा करायचा.

निवडुंग
आम्लराज, तुमच्या नावातच सोनं विरघळतं हो. वाचनखूण साठवली.

रानपाखरू
मी बारावीत आहे, धागा वाचून अकाउंट उघडलं. आम्लराज सर, जर एडीपी जास्त स्थिर आहे आणि पेशीत सगळीकडे पाणीच आहे, तर सगळा एटीपी आपोआप फुटून का जात नाही?

आम्लराज
भले शाब्बास. कारण स्थिर असणं वेगळं आणि तिथपर्यंत लवकर पोचणं वेगळं. त्या फॉस्फरसवर पाण्याने हल्ला करायचा तर आधी बरीच ऊर्जा भरावी लागते, आणि त्याच्याभोवतीचे ऋणप्रभार पाण्याच्या ऑक्सिजनला जवळ येऊ देत नाहीत. उदासीन पाण्यात, साध्या तापमानाला एटीपी कित्येक दिवस टिकतो. एन्झाइम आलं की मात्र क्षणात काम होतं. म्हणूनच तो उपयोगी. केव्हा आणि कुठे फुटायचं हे एन्झाइम ठरवतं.

दुसरी गंमत. एटीपी नुसताच पाण्याबरोबर फुटला तर पेशीला त्याचा फायदा काहीच नाही, फक्त उष्णता. काम व्हायचं असेल तर फॉस्फेट पाण्याला न देता दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. ग्लायकोलिसिसची, म्हणजे पेशी ग्लुकोज फोडते त्या क्रियेची, पहिली पायरी घ्या. ग्लुकोजला सुटं फॉस्फेट जोडायचं तर मोलला १३.८ किलोज्यूल खर्च. तेच फॉस्फेट एटीपीकडून घेतलं तर १३.८ वजा ३०.५, म्हणजे १६.७ किलोज्यूलची उतरण. हेक्झोकायनेज हे एन्झाइम ग्लुकोज आत आल्यावर मिटतं आणि पाण्याला बाहेर ठेवतं, नाहीतर ते फॉस्फेट पाण्याच्याच पदरात पडायचं.

तिरफळ
इथे सगळे शिकवणारे दिसतात, म्हणून कामावरचं सांगते. मी दूध प्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. रोज पहाटे टाक्या धुऊन झाल्या की आतल्या भिंतीवरून स्वॅब फिरवायचा, तो नळीत दाबायचा, नळी यंत्रात ठेवायची आणि थोड्या सेकंदांत आकडा वाचायचा. ती एटीपी चाचणी. स्वॅबमध्ये ल्युसिफेरेज आणि ल्युसिफेरिन असतं, म्हणजे काजव्याचं रसायन. एटीपी सापडला की प्रकाश पडतो, जितका एटीपी तितका प्रकाश. आकडा मोठा आला की टाकी परत धुवायची, मग पाळी बदलायची वेळ झाली असली तरी.

नव्या मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते: हे यंत्र जंतू मोजत नाही. टाकीत दुधाचा अंश राहिला असेल तरी त्यात एटीपी असतो. जंतू किती ते कळायला प्लेटवर वाढवूनच बघावे लागतात. यंत्र फक्त 'स्वच्छ नाही' एवढं सांगतं.

घाटवाट
अवांतर: म्हणजे भंडारदऱ्याला मे अखेरीस झाडंच्या झाडं चमकतात तो सगळा एटीपी? दरवर्षी जातो, पण हे डोक्यात आलं नव्हतं. हल्ली मात्र काजव्यांपेक्षा मोबाईलचे टॉर्चच जास्त. काजवे पाहायला येऊन टॉर्च लावणाऱ्यांना काय म्हणावं?

तिरफळ
हो, एटीपी, ल्युसिफेरिन आणि प्राणवायू. एटीपी नुसता प्रकाशात बदलत नाही पण. त्याचा एक भाग आधी ल्युसिफेरिनला जोडला जातो, मग प्राणवायूशी अभिक्रिया होऊन प्रकाश पडतो. आणि टॉर्चवाल्यांबद्दल +१०००. नर चमकून मादीला खुणावतो, त्या उजेडात तिला दिसणार काय.

पाटीपेन्सिल
धागा भंडारदऱ्याला पोचला आहे, परत आणते. आम्लराज, तुमचं सगळं मान्य. पण माझा प्रश्न शिकवण्याचा आहे. अकरावीत रसायनशास्त्रात मुक्त ऊर्जा शिकवून होण्याआधी जीवशास्त्रात श्वसन येऊ शकतं. मी ऋणप्रभारांची रेटारेटी सांगू की ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या? दहावीच्या पुस्तकात एटीपीला ऊर्जेचं चलन म्हटलंय. ते मुलांना पटकन कळतं. मी तर सांगते, ग्लुकोज म्हणजे मोठी नोट आणि एटीपी म्हणजे सुटे पैसे, रिक्षावाल्याला मोठी नोट चालत नाही. यात गैर काय?

आम्लराज
सुट्या पैशांचं छान आहे, वापरा. एकाच ठिकाणी ते तोकडं पडतं. दहाची नोट कपाटात ठेवा, खिशात ठेवा, तिची किंमत दहाच. एटीपीचं तसं नाही. त्याची किंमत आजूबाजूला एडीपी आणि फॉस्फेट किती आहेत यावर ठरते.

अभिक्रिया समतोलाला, म्हणजे दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालते त्या स्थितीला, पोचू दिली तर एका एटीपीमागे कोटीच्या घरात एडीपी दिसतील. जिवंत पेशीत उलटं असतं, एडीपीपेक्षा एटीपी दहापट किंवा त्याहूनही जास्त. पेशी समतोलापासून इतकी लांब उभी आहे म्हणून तिथे एका मोलला ३०.५ नाही, ५० च्या वर किलोज्यूल मिळतात. समतोलाला एटीपी असेलही थोडासा, पण त्यातून शून्य काम होईल. रेणू तोच, बंध तोच, ऊर्जा शून्य. ऊर्जा बंधात भरलेली असती तर असं झालं असतं का?

मला विचाराल तर हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो सांगायला एकही पायरी पाठ करावी लागत नाही.

मधली सुट्टी
मी डॉक्टर आहे, काही वर्षं शवविच्छेदन विभागात होतो. समतोलाला पोचलेल्या पेशी आम्ही रोज पाहत होतो, त्यामुळे इथे राहवलं नाही.

मृत्यूनंतर शरीर ताठ होतं ते एटीपी संपल्यामुळे. स्नायूत मायोसिन या प्रथिनाचं डोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला धरतं आणि ओढतं. पुढच्या खेपेसाठी त्याला आधी धागा सोडावा लागतो, आणि सोडायला एटीपी लागतो. एटीपी नाही तर पकड सुटत नाही. मग स्वतःच्या एन्झाइम्सनी प्रथिनं विरघळायला लागली की ताठरपणा जातो. आम्हाला शिकवलेला ढोबळ नियम असा: बारा तासांत पूर्ण चढतो, बारा तास राहतो, बारा तासांत उतरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये विदर्भात या नियमावर विसंबून मृत्यूची वेळ सांगणाऱ्याची वकील उलटतपासणीत पार सालटी काढतात.

आम्लराज
मधली सुट्टी, तुमच्या उदाहरणात एक खजिना आहे. मायोसिन धागा सोडतो तेव्हा एटीपी फुटलेला नसतो. तो नुसता येऊन बसतो आणि पकड सुटते. नंतर तो फुटतो आणि डोकं मागे सरून तयार होतं. जोराचा ओढा येतो तो फॉस्फेट बाहेर पडताना. म्हणजे "बंध तुटला आणि त्या धक्क्याने स्नायू हलला" असं कुठेच घडत नाही. येऊन बसणं, आकार बदलणं, फुटणं, बाहेर पडणं, असा फेरा आहे, आणि एटीपी भरपूर, एडीपी कमी असल्यामुळे तो फेरा एकाच दिशेने फिरतो.

निवडुंग
रात्री जेवताना शवविच्छेदन वाचलं. धन्यवाद डॉक्टर. मटण होतं.

केळफूल
निवडुंग :)) आम्लराज, खूप आभार. लेकीने समतोलाचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. पण माझा दुसरा प्रश्न सगळे विसरले. ३८ की ३२?

आर्द्रा
मी जर्मनीत मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या एटीपी बनवणाऱ्या भागांवर, काम करते, त्यामुळे हा माझ्या वाट्याचा प्रश्न. थोडं लांबेल.

आधी ३८ कुठून येतात ते. एका ग्लुकोजपासून ग्लायकोलिसिसमध्ये निव्वळ २ एटीपी, त्यापुढच्या क्रेब्ज चक्रात आणखी २. बाकी ऊर्जा इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूंत: १० एनएडीएच आणि २ एफएडीएच-२. जुन्या हिशोबात प्रत्येक एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-२ ला २ एटीपी धरत. ३० अधिक ४ अधिक ४, झाले ३८. ग्लायकोलिसिसचे २ एनएडीएच मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर तयार होतात, त्यांचे इलेक्ट्रॉन आत न्यायच्या एका मार्गात घट होते, म्हणून ३६.

आता हे ३ आणि २ पूर्णांक का मानले? कारण तेव्हा वाटत होतं की इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जाताना थेट एखादा 'उच्च ऊर्जा' रासायनिक रेणू तयार होतो आणि तो एटीपी बनवतो. रासायनिक अभिक्रिया, म्हणजे पूर्णांकच येणार. तो रेणू लोकांनी वर्षानुवर्षं शोधला. सापडला नाही, कारण तो नव्हताच.

१९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी मांडलं की मधली पायरी रेणू नाही, पटल आहे. इलेक्ट्रॉन जाताना प्रोटॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाबाहेर ढकलले जातात, ते परत आत यायला धडपडतात, आणि परत येताना एटीपी सिंथेज या एटीपी बनवणाऱ्या एन्झाइममधून येतात. लोकांनी वेड्यात काढलं. मिचेल यांनी तब्येतीमुळे विद्यापीठ सोडलं आणि इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला बॉडमिनजवळ ग्लिन हाउस नावाचं जुनं घर दुरुस्त करून तिथे स्वतःची प्रयोगशाळा उघडली. १९७८ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

मला मात्र सिद्धान्तापेक्षा त्यामागचे प्रयोग जास्त आवडतात. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरीब यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं आधी सामू ४ च्या आम्लात मुरू दिली, मग अंधारात एकदम सामू ८ च्या द्रावणात घातली, सोबत एडीपी आणि फॉस्फेट. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनची साखळी चालू नाही, तरी एटीपी तयार झाला. प्रोटॉनचा फरक एवढा एकच मुद्दा उरला. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी त्याहून कमाल केली: मिठागरासारख्या खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाचा, प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप आणि बैलाच्या हृदयातलं एटीपी सिंथेज, हे दोन्ही मेदाच्या कृत्रिम फुग्यांत बसवले. प्रकाश टाकला, एटीपी मिळाला. या दोन प्रथिनांची निसर्गात कधी गाठही पडली नसती, त्यांच्यामध्ये सामाईक फक्त प्रोटॉन. 'उच्च ऊर्जा रेणू'वाल्यांना याचं उत्तर देणं कठीण होतं.

आता हिशोब. एका एनएडीएचमागे साधारण १० प्रोटॉन बाहेर जातात. एक एटीपी बनवून तो बाहेर पोचवायला साधारण ४ लागतात. १० भागिले ४, अडीच. एफएडीएच-२ चे ६, म्हणून दीड. १० गुणिले अडीच २५, अधिक २ गुणिले दीड ३, अधिक ते ४: एकूण ३२. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी घटीचा मार्ग घेतला तर ३०. एमबीबीएसचं पुस्तक बरोबर आहे.

केळफूल
अडीच एटीपी? अर्धा एटीपी कसा बनतो?

आर्द्रा
अर्धा बनत नाही, सरासरी आहे. प्रोटॉनचा साठा सामाईक असतो, कुठला प्रोटॉन कुठल्या एनएडीएचमुळे बाहेर गेला याची नोंद कुणी ठेवत नाही. कॉमर्सच्या भाषेत, सगळं एकाच खात्यात जमा.

आणि ४ हा आकडासुद्धा अंदाजे. एटीपी सिंथेज खरोखर गोल फिरतं. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला चमकणारा ॲक्टिनचा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो फिरताना पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं. आपल्या मायटोकॉन्ड्रियात त्या चाकाला ८ प्रथिनं असतात, एका फेरीला ८ प्रोटॉन जातात आणि ३ एटीपी बनतात. म्हणजे एकाला २.७, अधिक फॉस्फेट आत आणायला आणि एटीपी बाहेर पाठवायला १. काही सजीवांत चाक मोठं असतं, तिथे हिशोब वेगळा. शिवाय थोडे प्रोटॉन पटलातून गळतातच. त्यामुळे प्रत्यक्षात ३० सुद्धा मिळतीलच असं नाही.

पाटीपेन्सिल
नीटवाल्यांनी घाबरू नये. एनसीईआरटीत ३८ आहे आणि परीक्षेत तेच लिहायचं. पण त्याच पानावर हेही लिहिलंय की हा हिशोब गृहीतकांवर उभा आहे आणि जिवंत पेशीत ती खरी नसतात. मुलं तो परिच्छेद सोडून देतात, आणि आम्ही शिक्षकही. पुढच्या वर्षी मी तो वाचून दाखवणार आहे.

सह्यवारा
एटीपीचा शोध कुणी लावला हे अजून कुणी सांगितलं नाही? १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे वेगळा केला. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे, १८९५ चा जन्म, मद्रासला वैद्यकीय शिक्षण. फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत कित्येकांनी केली असेल, पण निळा रंग बघताना सुब्बाराव कोण हे कुणी विचारत नाही. पुढे औषध कंपनीत फॉलिक आम्लाचं संश्लेषण, हत्तीरोगावरचं औषध, रक्ताच्या कर्करोगावरची पहिली औषधं, या सगळ्यांत त्यांचा हात. १९४८ मध्ये गेले. टपाल खात्याने १९९५ मध्ये तिकीट काढलं.

त्यांचं त्याआधीचं काम, १९२७ चं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं: फॉस्फोक्रिएटिन. तोवर स्नायू लॅक्टिक आम्लामुळे आकुंचन पावतो असं मानत. त्या दिशेच्या कामाला १९२२ चं नोबेलही मिळून गेलं होतं.

चकली
फॉस्फोक्रिएटिन म्हणजे जिमवाले खातात ते क्रिएटिन का? नवरा डबाच्या डबा संपवतो. आणि सिंहगड चढून आलं की दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल ना?

मधली सुट्टी
पहिल्याला जवळपास हो, त्या क्रिएटिनला स्नायूत फॉस्फेट जोडलं की फॉस्फोक्रिएटिन. स्नायूतला तयार एटीपी जोराच्या कामात जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल. फॉस्फोक्रिएटिन एडीपीला फॉस्फेट देऊन तो पुन्हा भरतं, आणखी दहाएक सेकंद. वजन उचलणाऱ्याला याचा फायदा होतो, सिंहगड चढणाऱ्याला विशेष नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसऱ्याला नाही. लॅक्टेट तास-दीड तासात साफ होतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ते चढण्यापेक्षा उतरण्यामुळे जास्त होतं.

आम्लराज
यावरून आठवलं. एटीपी 'उच्च ऊर्जा' म्हणतात खरं, पण यादीत तो मधेच बसतो. फॉस्फोक्रिएटिनचं फॉस्फेट सुटलं तर ४३ किलोज्यूल, फॉस्फोइनॉलपायरुवेटचं ६२, एटीपीचं ३०.५, ग्लुकोज-६-फॉस्फेटचं १३.८. वरच्यांकडून घेता येतं, खालच्यांना देता येतं. मधे असण्यातच त्याची उपयुक्तता आहे. सगळ्यात वर असता तर त्याला पुन्हा भरणार कोण?

निवडुंग
मला एवढंच सांगा, वजन कमी करायला यातलं काय गळतं करता येईल? आर्द्रा म्हणाल्या प्रोटॉन गळतात.

मधली सुट्टी
निवडुंग, हा विनोद खरा झालेला आहे, म्हणून गंभीरपणे सांगतो. डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन नेमकं तेच करतं, पटलातून प्रोटॉन परत आत नेतं. अन्न जळत राहतं, एटीपी बनत नाही, सगळी उष्णता. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकांनी वजन उतरवायला घेतलं. वजन उतरलं. काहींना मोतीबिंदू झाले, काही ताप चढून मेले. १९३८ मध्ये तिथे ते माणसाने खाण्यास अयोग्य ठरवलं. तरी अजून 'फॅट बर्नर' म्हणून ऑनलाइन विकलं जातं. याच्यावर उतारा नाही. कुणाच्याही मुलाच्या कपाटात पिवळी पावडर किंवा कॅप्सूल दिसली तर विचारा.

आर्द्रा
+१. हेच काम तान्ह्या बाळाच्या शरीरात मात्र सुरक्षितपणे चालतं. त्यांच्या पाठीवर, खांद्यांदरम्यान तपकिरी मेद असतं, तिथल्या मायटोकॉन्ड्रियात प्रोटॉनला वाट देणारं प्रथिन असतं. थंडीत कुडकुडता येत नाही, म्हणून असं ऊब धरतात. फरक हा की तिथे वाट उघडायची की बंद ठेवायची हे शरीर ठरवतं.

केळफूल
लेकीने आता स्वतःचं उत्तर लिहिलंय, इथे देते: "एटीपीचे जलअपघटन होताना जुने बंध तुटायला ऊर्जा लागते, पण तयार होणारे एडीपी व फॉस्फेट अधिक स्थिर असल्याने एकूण ऊर्जा मुक्त होते. पेशी एटीपीचे प्रमाण समतोलापेक्षा खूप जास्त ठेवते, म्हणून ही ऊर्जा कामाला वापरता येते." चालेल का?

पाटीपेन्सिल
माझ्या पेपरात पूर्ण गुण. दुसऱ्या कुणी कापले तर उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्याकडे जा, भांडायला नाही, विचारायला.

आम्लराज
'खूप जास्त' च्या जागी आकडा घातला तर दुधात साखर. नाहीतर उत्तम.

केळफूल
तिचा पुढचा प्रश्न तयार आहे. तांबड्या रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रिया नसतात असं त्याच पुस्तकात लिहिलंय. मग त्या कशावर जगतात?

मधली सुट्टी
नुसत्या ग्लायकोलिसिसवर. एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी, शेवटी लॅक्टेट. प्राणवायू वाहून नेणारी पेशी स्वतः तो वापरत नाही. त्या २ एटीपीवर ती सोडियम-पोटॅशियमचा पंप चालवते आणि सुमारे १२० दिवस टिकते. काही लोकांत जन्मतः पायरुवेट कायनेज हे शेवटच्या पायरीचं एन्झाइम दुबळं असतं, त्यांच्या तांबड्या पेशी एटीपीअभावी लवकर मोडतात आणि पंडुरोग होतो.

त्यातही ती पेशी काही ग्लुकोज आडवाटेने नेते, २,३-बीपीजी नावाचा रेणू बनवायला. त्या वाटेने गेलं तर त्या पायरीचा एटीपी मिळत नाही, निव्वळ लाभ शून्य. पण तो रेणू हिमोग्लोबिनला बसला की हिमोग्लोबिन ऊतींमध्ये प्राणवायू जास्त सहज सोडतं.

घाटवाट
लेहला गेल्यावर वाढतो तो हाच का?

मधली सुट्टी
हाच. एक-दोन दिवसांत वाढायला लागतो. पण त्याच्या भरवशावर पहिल्याच दिवशी खारदुंगला खिंड करू नका.